धुऱ्यावरची टक

माझ्या दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा माझी पदवी मोठ्या अक्षरांत आहे. पाटी रंगवताना रंगाऱ्याने विचारलं होतं, "भाऊ, नाव मोठं काढू का डिग्री?" मी म्हटलं, डिग्री. आमच्या घराण्यात नाव सगळ्यांनाच होतं, डिग्री मला एकट्यालाच मिळाली. परिणाम असा झाला की अमरावतीत मला नावाने कोणी ओळखत नाही. गिऱ्हाईक एकमेकांना सांगतात, "त्या बीएस्सीवाल्याकडे जाय." काही लोकांना तर बीएस्सी ही झटका मशीनची कंपनीच वाटते. एकाने फोनवर विचारलं, "बीएस्सीचं नवीन मॉडेल आलं काय जी?" मी हो म्हणालो. धंद्यात फार खोलात जाऊ नये.

झटका मशीन म्हणजे काय हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. पण दिवाळी अंक तिकडे पुण्यालाही जातो, म्हणून सांगतो. वावराभोवती, म्हणजे शेताभोवती, बारीक तार ओढायची. तार एका डब्याला जोडायची. डब्याला बॅटरी, बॅटरीला सौर पाटी. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, त्या तारेला लागला की त्याला झटका बसतो. तो मरत नाही. त्याचं फक्त मत बदलतं.

मी चांदूर रेल्वेचा. वडील भाजीपाला पिकवायचे आणि बाजारात बसून विकायचे. मी पॅसेंजरने बडनेऱ्याला यायचो, तिथून ऑटोने कॉलेजात. इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेतला तेव्हा वडिलांना वाटलं मुलगा मोठा साहेब होणार, निदान विजेच्या हापिसात तरी चिकटणार. पुढे मी काय करतो हे त्यांना कळलं तेव्हा वांग्याच्या पाट्या उतरवता उतरवता ते एवढंच म्हणाले, "सायन्स शिकून डुकरंच हाकलाची होती, तं माया वावरात काय कमी होती?" या एका वाक्याला उत्तर शोधण्यात माझी नोकरी, धंदा आणि बरेचसे केस गेले.

तसा मी थेट डुकरांकडे गेलो नाही. आधी अकोल्याला एका वर्कशॉपात होतो. आम्ही कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी पल्स जनरेटर बनवायचो. ठरावीक वेळाने विजेचा एक ठोका देणारं यंत्र, एवढंच ते. विद्यार्थी तो ठोका पडद्यावर बघत, जर्नलमध्ये त्याचं चित्र काढत आणि सही झाली की विसरत. पुढे कॉलेजांनी कॉम्प्युटर घेतले. त्यात ठोक्याचं चित्र आयतंच दिसायचं, मग यंत्र कशाला घेतील? आमचे मालक टेबलावर हात ठेवून दिवसभर बसायचे. अशात एक शेतकरी बंद पडलेली झटका मशीन घेऊन वर्कशॉपात आला. "कोणीच हात लावून नाही राहिलं, तुमी पाहता का?" मी डबा उघडला आणि आत आमचंच सर्किट! प्रयोगशाळेत मिळमिळीत ठोके देणारं, इथे मात्र मिशीला पीळ देऊन बसलेलं. परगावी आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसं झालं. त्या डब्यामागोमाग मी अकोला सोडून अमरावतीला आलो आणि पाटी रंगवायला टाकली.

आता थोडं विज्ञान सांगतो. घाबरू नका, मीही घाबरतच शिकलो.

बॅटरीत दम कमी असतो. तिच्या जोरावर डुक्कर काय, मांजरही हलणार नाही. म्हणून डब्यात कपॅसिटर नावाची एक टाकी असते. बॅटरी तिच्यात वीज हळूहळू भरते, घरच्या छोट्या पंपाने गच्चीवरची टाकी भरावी तशी. टाकी भरली की एकदम सगळी खाली सोडायची. त्यासाठी जो दरवाजा लागतो त्याला थायरिस्टर म्हणतात. हा दरवाजा स्वभावाने आमच्याकडच्या प्रमुख पाहुण्यासारखा आहे. स्वतःहून उभा राहणार नाही, कोणीतरी आग्रह करावा लागतो. पण एकदा उभा राहिला की आतलं सगळं संपेपर्यंत खाली बसत नाही.

तो आग्रह म्हणजे ट्रिगर. आणि ट्रिगरची गंमत अशी की तो मुळात फार भिडस्त असतो. डब्यात टायमरची एक चिप असते, ती साधारण सेकंदाला एकदा इशारा देते. हा इशारा नव्या जावयाच्या खोकल्यासारखा. जावयाला भाजी हवी आहे, पण तो मागणार नाही, नुसता खाकरणार. स्वयंपाकघरात ते ऐकू जात नाही. मग ओसरीवरून सासूबाई ओरडतात, "अवं, जावयाले भाजी आण!" या सासूबाई म्हणजे ॲम्प्लिफायर. दिसायला ज्वारीच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर, पण खोकल्याची आरोळी करतो. आरोळीने दरवाजा उघडतो, टाकी रिकामी होते, ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून जाताना काही हजार व्होल्टची होते आणि तारेवर धावते. डबा "टक" असा आवाज करतो. जावई पुन्हा गप्प. टाकी पुन्हा भरायला लागते.

या सगळ्यात महत्त्वाचं काय, असं परीक्षेत मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी व्होल्ट लिहिले असते. आता विचाराल तर सांगतो, महत्त्वाची ती दोन टकांमधली जागा. झटका पापणी लवायच्या आत संपतो आणि मग जवळजवळ सेकंदभर तार निर्जीव असते. त्या सेकंदात डुक्कर मागे सरतं, माणूस हात काढून घेतो. घरातली लाइन अशी जागा देत नाही. ती हाताला धरून ठेवते.

गिऱ्हाइकाला मात्र हीच जागा डोळ्यांत खुपते. "एकच टोला देते अन् थांबते कावून? लगातार द्या ना." मी सांगतो, लगातार दिला तर तारेला तुमचा मेहुणाच चिकटेल. यावर एकजण विचार करून म्हणाला, "मंग लगातारच द्या." अकोल्याच्या एका निवृत्त गुरुजींना गच्चीवरच्या वांदरांसाठी मशीन हवी होती. बसवून दिली. महिन्याने त्यांचा फोन, मशीन काढून न्या. म्हटलं, वांदरं येतात का अजून? म्हणाले, "वांदरं येत नाहीत. आता घरात सूनही गच्चीवर जात नाही, वाळवण मलेच घालावं लागून राहिलं."

पण आज लिहायला बसलो ते वरूडच्या सुधाकररावांसाठी.

सुधाकरराव संत्र्याचे बागाईतदार. एका सकाळी दुपट्ट्यात गुंडाळलेली मशीन घेऊन दुकानात आले आणि ती काउंटरवर अशी ठेवली की जणू सासरी नांदत नसलेली मुलगी परत आणली आहे.

"हे घ्या तुमची मशीन. दम नाही इच्यात."

"डुकरं येतात?"

"येतात म्हंजे? राजरोस येऊन राहिले."

"तारेला हात लावून पाहिला?"

"लावला ना बाप्पा. मुंगी चावल्यावानी वाटलं. डुकराले तं गुदगुल्या होत असतीन."

मी मशीन तपासली. टाकी भरत होती, जावई खाकरत होता, सासूबाई ओरडत होत्या. टक, टक. काही दोष नव्हता. तसं सांगितलं तर सुधाकररावांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"तं मंग राहू द्या. मी थेट लाइन सोडतो. मोटारीच्या डब्यातून वायर काढूनच ठेवला हाय म्या."

थेट लाइन हे शब्द ऐकले की माझ्या हातातला चहा पाणी होतो. हा गुन्हा तर आहेच. पण दर हंगामात कुठून तरी तशी बातमी येते आणि त्या तारेला लागलेलं बहुधा डुक्कर नसतं. घरचंच कोणीतरी असतं, जेवणाचा डबा घेऊन आलेलं. मी म्हटलं, "चला, मी येतो वरूडला. जागेवर पाहतो." दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या गाडीवर मागे मशीन मांडीवर घेऊन बसलो. सुधाकरराव रस्ताभर डुकरांबद्दल बोलले. डुक्कर किती हलकट असतं, वाटणीच्या वेळी कसं गोड बोलतं, मग कसं फिरतं. मला वाटलं वाऱ्यामुळे मी काहीतरी चुकीचं ऐकतोय.

बागेत पोचल्यावर पाहिलं तर तार एकाच बाजूला होती. दुसऱ्या बाजूला नाला, बाभळीची झुडपं, चिखलात खुरांचे ठसे. तिथे साधा काटाही लावलेला नव्हता.

"नाल्याकडून तार नाही?"

"तिकून नाही येत."

"झुडपं तिकडे आणि डुकरं इकडून येतात?"

"इकूनच येतात."

इकून म्हणजे धुऱ्यापलीकडून. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आणि पलीकडचं वावर होतं त्यांच्या धाकट्या भावाचं, मनोहरचं. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नव्हते. झाडं वाटली, भांडी वाटली, विहीर मात्र वाटता येईना म्हणून सामाईक राहिली. ती सुधाकररावांच्या हद्दीत होती. मनोहरच्या घरच्यांना पाण्यासाठी धुरा ओलांडावा लागायचा आणि धुऱ्यावर ही तार.

सुधाकरराव माझ्यासाठी चहा सांगायला खोलीकडे गेले तेवढ्यात पलीकडून एक बाई कळशी घेऊन आल्या. तार अडकवायच्या जागी मी प्लास्टिकची मूठ दिलेली असते, ती धरून तार बाजूला करायची, की धोका नाही. त्यांनी मुठीवर पदर गुंडाळला, तरीही डोळे मिटले आणि मगच तार सोडवली. मनोहरची बायको, कांताबाई.

"तुमीच का बीएस्सीवाले?"

"हो ताई."

"मंग मले एक खरं सांगा भाऊ. मी रोज इथूनच येजा करते. पोरगी बी येते कधीमधी. मरणार तं नाही ना आमी?"

"या मशीननं नाही मरणार. दणका बसेल, पण मरणार नाही."

"अन् त्या वायरनं?" त्यांनी हनुवटीने मोटारीच्या खोलीकडे दाखवलं. भिंतीवरून एक काळा वायर निघून धुऱ्याकडे आला होता आणि तारेपासून हातभर अंतरावर थांबला होता. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

मी वाकून ते टोक पाहिलं. थोरल्या दिराबद्दल, म्हणजे भासऱ्यांबद्दल, त्याच म्हणाल्या, "भासऱ्यांचा राग मोठा हाय. पण ते मनानं वाईट नाहीत जी. फक्त एखाद्या दिशी डोकं फिरन अन् ते टोक जोडतीन, अन् मंग जलमभर रडत बसतीन." कळशी कमरेवर घेऊन त्या विहिरीकडे गेल्या.

मी कामाला लागलो. मशीन चांगली, तार चांगली, तरी झटका मुंगीएवढा. याचा अर्थ एकच, अर्थिंग. तारेतून निघालेली वीज डुकराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत यावी लागते, तेव्हाच फेरा पुरा होतो. त्यासाठी लोखंडी रॉड ओल्या जमिनीत खोल ठोकायचा असतो. मी विचारलं, रॉड कुठे ठोकला? सुधाकरराव मला मुंजोबाच्या ओट्यापाशी घेऊन गेले. ओट्याच्या बरोबर मधोमध, शेंदराच्या बाजूला, माझा रॉड उभा होता. त्यालाही शेंदूर लागला होता.

"इथे?"

"देवाची जागा हाय. इथं जमिनीत पावर जास्त."

दगड, मुरूम, चुना, वर ऊन. त्या ओट्यात सगळं काही होतं, फक्त ओल नव्हती. मी मुंजोबाला नमस्कार केला आणि रॉड उपटून विहिरीच्या थारोळ्याशेजारी काळ्या चिखलात ठोकला. मग मशीन लावली. सुधाकरराव म्हणाले, "पाहू," आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी तारेला बोट लावलं. पुढची काही मिनिटं ते धुऱ्यावर बसून होते. चहा मी एकट्याने घेतला.

मला वाटलं काम झालं. पण माणूस समाधानी दिसेना.

"मले समजलं," ते बोट चोळत म्हणाले, "पण त्याले कसं समजन?"

"कोणाला?"

त्यांनी धुऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "डुकराले."

तेव्हा कुठे माझ्या पदवीधर डोक्यात प्रकाश पडला. या गिऱ्हाइकाला झटका नको होता. सुधाकरराव रागावले आहेत, ही बातमी पलीकडे सारखी पोचत राहावी एवढंच त्याला हवं होतं. मशीन अगदी हळू टकटकत होती. पलीकडे मनोहर बसला तर त्याला ती ऐकूही येणार नव्हती. थेट लाइनची बात म्हणजे त्या न ऐकू येणाऱ्या रागाचा मोठा आवाज होता.

मी म्हटलं, "सुधाकरराव, टक मोठी करून देऊ? इतकी मोठी की दोन वावरं पलीकडे जाईल?"

त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "होते तसं?"

"होते. पण तो काळा वायर मला पाहिजे. सगळा. मोटारीच्या डब्यापासून."

त्यांनी दुपट्टा कमरेला बांधला. मग स्वतः गेले, मेन स्विच पाडला आणि वायर ओढून काढला. त्याचं भेंडोळं करून माझ्या पायाशी टाकलं. त्याच भरात मी आणखी एक कबूल करून घेतलं, नाल्याच्या बाजूलाही तार ओढायची. "ओढतो," ते म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी."

दुकानात आणून मी मशीनला आणखी एक ॲम्प्लिफायर जोडला आणि एक लहान भोंगा बसवला. थोडक्यात, सासूबाईंना माईक दिला. विजेच्या दृष्टीने या भोंग्याचा काडीचा उपयोग नाही. झटका तेवढाच राहतो, उलट बॅटरी थोडी जास्त जाते. इतकी वर्षं मी सर्किटं सुधारतो आहे, पण गिऱ्हाइकाने मिठी मारावी असं एकच काम हातून झालं आणि ते हे. ठाक! ठाक! वरूडच्या बागेत पाखरं उडाली. सुधाकरराव खाट टाकून तो आवाज ऐकत बसले. नात्यातले लोक येऊन ऐकून गेले. पुढे "टकवाली" मशीन मागायला लोक येऊ लागले. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आता डुकरं बी नाही हाकलत, नुसता आवाज करतं."

काही दिवसांनी दुकानात एक सडपातळ माणूस आला. बराच वेळ मशीनकडे बघत उभा राहिला.

"सुधाकर पाटलाची मशीन तुमीच केली काय?"

"हो. काही त्रास आहे का?"

"त्रास नाही. मले बी पायजे. त्याच्याहून मोठा भोंगा."

"आपण?"

"डुक्कर," तो म्हणाला. "मी मनोहर."

आम्ही दोघं हसलो आणि तिथेच मी फसलो. हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मी विचारलं, तार कुठे लावणार? म्हणाला, चारी बाजूंनी. मला बरं वाटलं. चारी बाजूंत धुराही येतो, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

आलं ते कांताबाईंचा फोन आल्यावर. "भाऊ, तुमी येऊन पाहा. आधी भासऱ्यांची टक झाली की मी तार सोडवून निघाची. मोठ्या आवाजानं ते एक बरं झालं होतं. आता त्याइची होते, मंग याइची होते. मधी जागाच नाही राहिली."

मी गेलो. एकाच धुऱ्यावर हातभर अंतराने दोन तारा आणि दोन भोंगे. ठाक-टाक, ठाक-टाक, जसे दोन म्हातारे एकमेकांना बोलू देत नाहीत. हे नुसतं हास्यास्पद नव्हतं. एक तार पाठीला आणि दुसरी हाताला लागली तर माणसाला मागे सरायला तो सेकंद मिळणार नव्हता. एकीकडून सुटायच्या आत दुसरीकडून झटका. एखादी म्हातारी, एखादं लेकरू त्यात अडकलं असतं. मी स्वतःच्या हाताने, भोंग्यासकट, दोन टकांमधली जागा बुजवली होती.

सरळ उपाय एकच होता, मधली एक तार काढणं. सुधाकरराव म्हणाले, "त्यानं काढावी." मनोहर म्हणाला, "पैले कोणी लावली?" मी दोन्ही वावरांत आलटून पालटून येजा करत होतो. चहा दोन्हीकडे झाला.

दुसरा उपाय माझ्या विद्येतला. दोन्ही मशीन एकाच क्षणी वाजायला हव्यात, म्हणजे दोन तारा मिळून एकच झटका आणि नंतर पुरी जागा. त्यासाठी एकीचा ट्रिगर दुसरीला द्यावा लागतो, म्हणजे धुऱ्यावरून एक जोडणी. सुधाकररावांना विचारलं. म्हणाले, "चालते. पण माई टक पैले. त्याची माया मागं." मनोहरला विचारलं. "त्याच्या टकेवर माई टक वाजन? जमत नाही जी. ते दिवस गेले."

मी अमरावतीला परत आलो आणि डोकं खाजवत बसलो. मग जोडणी दोन्ही बाजूंनी केली. ज्याचा टायमर आधी खाकरेल तो स्वतःच्या सासूबाईंना उठवील आणि त्याच क्षणी शेजारच्यांनाही. दोघांपैकी कोण पुढे, हे दर टकेला बदलणार. कानाला काहीच कळणार नाही, एकच आवाज येणार. आणि मधला सांधा विजेचा ठेवला नाही, उजेडाचा ठेवला. एका बाजूला बारीक दिवा लुकलुकतो, दुसऱ्या बाजूला एक डोळा तो बघतो, आणि उलटही. दोन्ही मशीनचा एकमेकींना स्पर्श नाही. या घराण्यात तेवढंच चालण्यासारखं होतं.

बसवून दिल्यावर सुधाकररावांनी विचारलं, "पैले कोणाची?" मी म्हटलं, "तुमची आधी वाजली की त्याची तुमच्या मागोमाग." मनोहरने विचारलं. त्यालाही हेच सांगितलं. शब्दही बदलला नाही. खोटं बोललो नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला काहीतरी नाव असेलच. आमच्या घरी आई हेच करायची, माझ्या आणि धाकट्याच्या ताटात.

धुऱ्यावर एकच मोठी ठाक. मग शांतता. मग ठाक. कांताबाई कळशी घेऊन आल्या, ठाक ऐकली, मुठी धरून दोन्ही तारा सोडवल्या आणि आरामात पलीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता बरोबर हाय." माझ्या कामाला मिळालेलं हे एकमेव तांत्रिक प्रमाणपत्र.

मध्ये बरेच महिने गेले. एका सकाळी दुकान उघडतच होतो, सुधाकररावांचा फोन. मागे भोंगा ऐकू येत होता.

"बीएस्सी, ऐकून पाहा बरं."

"काय ऐकू?"

"आवाज. अर्धाच येऊन राहिला ना? मनोहरची बंद हाय."

मी कान देऊन ऐकलं. मला तर एकच ठाक ऐकू येत होती, आधीही एकच यायची. माझ्या लाडक्या जोडणीतून दोन टका वेगळ्या ओळखणं कोणत्याही कानाला शक्य नाही, असं मी पैजेवर सांगितलं असतं.

"बॅटरी उतरली असेल," मी म्हटलं.

"त्याची कधी उतरत नाही. तो भल्ला काळजीनं ठेवते. कांता बी नाही आली पाण्याले. तुमी त्याले फोन करून पाहा ना."

"सुधाकरराव, मी अमरावतीत आहे. तुम्ही धुऱ्यापाशी आहात. हाक मारा."

"हाक कशी मारू?"

"मग जाऊन या."

"तार हाय ना मधी."

मूठ आहे, जागा आहे, सगळं समजावून सांगितलेलं आहे. पण हा त्याबद्दलचा प्रश्न नव्हताच. मी म्हटलं, "मशीन बंद करा आणि जा."

"बंद करू?"

"करा."

फोनमध्ये ठाक आली. मग आणखी एक ठाक. पावलांचा आवाज, पाचोळा. तिसरी ठाक आली नाही. आणि इतक्या लांबून, फोन खिशात कोंबलेला असावा, मला ऐकू आलं, "मन्या! अबे मन्या, हाय काय घरी?"

मनोहरला काही झालं नव्हतं. त्याच्या मशीनमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, ऊब असते म्हणून करतात. कांताबाईंना साधा ताप होता. हे मला चार दिवसांनी कळलं, जेव्हा दोन्ही भाऊ एकाच गाडीवर दुकानासमोर उतरले. मागे मनोहर बसला होता. दोघंही रागात होते, पण या वेळी एकाच दिशेने.

"दम नाही तुमच्या मशीनमधी," सुधाकरराव म्हणाले.

"दोन्हीमधी," मनोहर म्हणाला.

रानडुकरं शिरली होती. दोन्ही बागांत. खाली पडलेली संत्री खाल्ली, ठिबकच्या नळ्या उपसून टाकल्या. मी विचारलं, त्या दिवशी मशीन बंद केल्यावर परत चालू केली होती का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बसलो होतो गोठी करत," सुधाकरराव म्हणाले. "आठवणच नाही राहिली."

"आता एकच मोठी मशीन द्या," मनोहर म्हणाला. "दोन्ही वावराले मिळून."

"म्हणजे धुऱ्यावरच्या तारा?" मी विचारलं.

सुधाकररावांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझी डिग्री त्यांना पहिल्यांदाच संशयास्पद वाटत होती.

"तिथं कायले पायजे? डुकरं नाल्याकून येतात," ते म्हणाले. "येवढं बी नाही समजत? शिकलेले ना तुमी?"